सातव्या डावातला चहा

आमच्या जावईबापूंना, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या, सुलेखाच्या नवऱ्याला, राजीव टिपणिसांना जगातलं सगळं कळतं. कॉम्प्युटरचं कळतं, शेअर बाजाराचं कळतं, नागपूरच्या माणसांना भाजीत तिखट किती घालावं ते कळत नाही, हेसुद्धा त्यांना कळतं. कळलं नाही ते एवढंच, की पोटचा पोरगा काय काम करतो. पोरगा तिशीला आला तरी कळलं नाही. आणि शेवटी कळलं तेव्हा असं कळलं, की वैऱ्यावरसुद्धा अशी वेळ येऊ नये.

मी शोभना. माझा नवरा गेला तेव्हा सुलेखानं मला नागपूरहून इकडे व्हर्जिनियात बोलावून घेतलं. तेव्हापासून मी त्यांच्या बेसमेंटमध्ये राहते. बेसमेंट म्हणजे तळघरच, पण अमेरिकेत तळघरात गालिचा टाकला की पाहुण्यांना ते कौतुकानं दाखवायची पद्धत आहे. मी आले तेव्हा देवांग, सुलेखाचा एकुलता एक, शाळेत होता. आईबाप दोघंही नोकरीला, त्यामुळं त्याला बेसबॉलच्या प्रॅक्टिसला नेण्याआणण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्यासाठी मी या वयात ड्रायव्हिंग शिकले. गाडीत बसून वाट बघायची तर करणार काय? मैदानाकडं बघत बसायचे. बघता बघता कळायला लागलं.

बेसबॉल काही फार अवघड नाही. एक जण बॉल फेकतो, एक जण मारतो आणि बाकीचे थुंकतात. असे नऊ डाव. मैदानाच्या आतल्या भागात पाच-सहा जण असतात आणि पार लांब, कुंपणाच्या अंगाला तिघं. ते आउटफिल्डर. आमचा देवांग त्यातला डावीकडचा. बॅटिंग त्याची बेताची, उगाच कशाला खोटं बोलू. पण उंच उडालेला बॉल कुठं पडणार हे त्याला बॅटचा आवाज आल्याबरोबर कळायचं. पाठ फिरवून पळत सुटायचा आणि बरोबर तिथं जाऊन उभा राहायचा. मला तर वाटायचं, याला आधी कोणी फोन करून सांगतं की काय.

आता गंमत ऐका. राजीवराव पुण्याचे. तरुणपणी कॉलनीच्या क्रिकेट टीममध्ये होते. होते म्हणजे बाउंड्रीवर उभे होते. आपल्याकडं ज्याला बॉलिंग येत नाही, बॅटिंग येत नाही, पण बॅट ज्याच्या घरची आहे म्हणून ज्याला घ्यावंच लागतं, त्याला बाउंड्रीवर पाठवतात. राजीवरावांची सगळी उमेदीची वर्षं तिथं गेली. तेव्हाचा सल त्यांच्या मनात इतका खोल होता, की देवांगला आउटफिल्डमध्ये बघितल्याबरोबर त्यांचं तोंड कडू झालं. 'माझ्या मुलालाही बाउंड्रीवरच ठेवलं,' असं ते सुलेखाला म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्यांनी मॅचला येणं बंद केलं.

तरी एकदा कॉलेजच्या कोचला जाऊन भेटले. मीच घेऊन गेले होते. हात जोडून, अगदी बँकेच्या मॅनेजरला विनंती करावी तशी त्यांनी त्या माणसाला विनंती केली, की मुलगा मेहनती आहे, हळूहळू का होईना त्याला आत घ्या. कोच बिचारा चक्रावला. तो म्हणाला, मिस्टर टिपणीस, हा पोरगा माझ्या टीममधला सगळ्यात चांगला फील्डर आहे, म्हणून तर त्याला तिथं ठेवलंय. राजीवरावांनी मान हलवली. गाडीत बसल्यावर मला म्हणाले, 'अमेरिकन लोक तोंडावर वाईट बोलत नाहीत, शोभाताई. आपण समजून घ्यायचं असतं.' पालथ्या घड्यावर पाणी.

२००१ साली देवांगच्या हातात कॉम्प्युटर इंजिनियरिंगची डिग्री पडली आणि त्याच महिन्यात एका संघानं त्याला निवडलं. मोठ्या लीगमधला संघ. नाव सांगत नाही, त्यांना आधीच लोक कमी नावं ठेवत नाहीत. निवड अगदी खालच्या फेरीत झाली, शेवटच्या पंगतीला. पण झाली. त्या वर्षी इकडं कंपन्या धडाधड बंद पडत होत्या. व्हिसावर आलेली पोरं सोफे अन् टीव्ही अंगणात विकायला मांडून परतीची तिकिटं काढत होती. इंजिनियरला कोणी दारात उभं करत नव्हतं, आणि आमच्या पोराला बॉल पकडायची नोकरी लागली. कुठल्याही शहाण्या बापानं देवापुढं साखर ठेवली असती. आमच्या शहाण्यानं महाराष्ट्र मंडळात सांगितलं, की देवांग जरा ब्रेक घेतोय, पुढच्या वर्षी एमएस करेल.

हा ब्रेक सहा वर्षं चालला. दर गणपतीत मंडळाचे अध्यक्ष प्रल्हाद विचारायचे, काय मग, देवांगचं एमएस कुठवर आलं? आणि राजीवराव म्हणायचे, यंदा अ‍ॅप्लाय करतोय. कोणालाच खरं वाटत नव्हतं, पण विचारायचं कोणी सोडलं नाही. आपल्या लोकांचा जिव्हाळा हा असा असतो.

संघानं निवडलं म्हणजे लगेच मोठ्या मैदानात नेत नाहीत. आधी खालच्या लीग. एका खेड्यातून दुसऱ्या खेड्यात बसनं जायचं, मोटेलात झोपायचं, सकाळ-संध्याकाळ पीनट बटर खायचं. त्या गावांमध्ये एक चांगली पद्धत आहे, की गावातलीच कुटुंबं या पोरांना सीझनभर आपल्या घरी ठेवून घेतात. देवांग कॅरोलायनात एका म्हाताऱ्या जोडप्याकडं होता. ती दोघं त्याच्या एकूणएक मॅचला जायची. म्हातारीनं सुलेखाला फोन करून कढीची रेसिपी विचारली होती, कारण पोरगा हरल्यावर कढी मागतो. फोन ठेवल्यावर सुलेखा स्वयंपाकघरात उभी राहून रडली. म्हणाली, 'ताई, माझ्या पोराचं सगळं दुसरेच बघतायत.'

त्या दिवशी मी ठरवलं, की बस झालं. पुढच्या शनिवारी मी आणि सुलेखा आउटलेट मॉलला जातो असं सांगून निघालो आणि तीन तास गाडी हाणत मॅचला गेलो. येताना रस्त्यात एका दुकानातून दोन टॉवेल घेतले, पुरावा म्हणून. असं आम्ही कितीदा केलं त्याची गणती नाही. घरात टॉवेल ठेवायला जागा उरली नाही. राजीवराव एकदा म्हणाले, या दोघी बहिणींना टॉवेलचं वेड लागलंय. मी म्हटलं, लागलंय खरं.

अशाच एका मॅचनंतर देवांग आमच्याजवळ येऊन बसला. घामाघूम झालेला, हनुवटी खरचटलेली. त्यानं विचारलं, बाबा आलेत का? म्हणजे आम्ही दोघीच असतो हे त्याला माहीत होतं, तरी दर वेळी विचारायचा. मी म्हटलं, अरे, नसेल त्यांना आवडत तर सोड ना. तेव्हा तो जे म्हणाला ते मी विसरणार नाही.

"मावशी, आय डोन्ट नीड हिम टू लाइक इट. एकदा बघू देत. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एक अख्खा गेम. दॅट्स ऑल."

एवढंच हवं होतं त्याला. लोक बापाकडं काय काय मागतात.

२००७च्या सप्टेंबरात वरून बोलावणं आलं. सप्टेंबर लागला की मोठ्या संघांना जास्तीचे खेळाडू घेता येतात, आणि त्यांच्या डावीकडच्या आउटफिल्डरचा पाय आखडला होता. देवांगचा फोन आला, त्याच्या आईनं किंकाळी फोडली, आणि राजीवराव सोफ्यावरून उठले ते वेगळेच माणूस होऊन उठले. तासाभरात अख्ख्या मंडळाला ईमेल गेली. देवांगनं लहानपणापासून जे स्वप्न बघितलं आणि 'आम्ही पालक म्हणून' ज्याला खतपाणी घातलं, ते आज पूर्ण होत आहे. मी ती ईमेल दोनदा वाचली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो प्रत्यक्ष बघितला, चष्मा लावून टाइप करताना.

प्रल्हादरावांनी तर कमालच केली. हा मोठ्या लीगमधला पहिला मराठी माणूस आहे, असं त्यांनी परस्पर जाहीर करून टाकलं, कोणाला न विचारता. सत्कार ठरला. शाल आली, नारळ आला. पोरानं अजून पाऊल ठेवलं नव्हतं मैदानात, आणि इकडं स्वागतपर भाषण कोण करणार यावरून दोन गट पडले. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. योग असा, की देवांगचा संघ आमच्याच भागात खेळायला येणार होता, घरापासून तासाभरावर, आणि तोही मंडळाच्या गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी. साठ तिकिटं काढली. डावीकडच्या स्टँडमधली, म्हणजे देवांग उभा राहील तिथून समोरच.

आदल्या दिवशी देवांगचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, मी तिथंच होते. तो बापाला म्हणाला, की मी सुरुवातीला खेळणार नाही. संघ थोडक्यासाठी पुढं असला तर शेवटी मला फील्डिंगला पाठवतात. तेव्हा प्लीज, शेवटपर्यंत थांबा.

राजीवराव म्हणाले, "अरे वेड्या, मी काय, सगळं मंडळ शेवटपर्यंत थांबणार आहे."

रविवारी स्टेडियमच्या दारात पहिला अपमान झाला. ढोल आत नेऊ देईनात. लेझीम तर त्यांना हत्यारच वाटलं. बाहेरचं खाणं असं मोठ्या डब्यांतून नेता येणार नाही असंही कोणीतरी सांगितलं, म्हणून बटाटेवडे, चटणी, चहाचे थर्मास आणि गणपतीचे उरलेले पेढे सगळं गाड्यांतच ठेवलं. प्रल्हादराव म्हणाले, काही हरकत नाही, टी-टाइमला बाहेर येऊन खाऊ. मी ऐकलं, पण मला वाटलं विनोद करतायत. प्रल्हादराव विनोद करत नाहीत हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

पहिले सहा डाव आमच्या लोकांनी कशी मॅच बघितली ते काय सांगू. राजीवराव उभे राहून सगळ्यांना समजावून सांगत होते. अगदी मन लावून चुकीचं सांगत होते. यजमान संघाचा बॉल कुंपणाबाहेर गेला तेव्हा आमच्या अर्ध्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, सिक्सर म्हणून. देवांगच्या संघाची एक धाव जास्त होती. तो लांब, त्यांच्या बाकावर बसलेला दिसत होता. मधूनच आमच्या स्टँडकडं बघायचा. साठ माणसं हात हलवायची, आणि तो मान खाली घालून हसायचा. राजीवरावांचा चेहरा इतका फुलला होता, की मी मनातल्या मनात त्यांचे बरेच गुन्हे माफ करून टाकले होते.

आणि मग सातवा डाव अर्धा झाला. आता इकडची रीत अशी आहे, की सातवा डाव अर्ध्यात आला की सगळं स्टेडियम उठून उभं राहतं. हातपाय ताणतात, गाणं म्हणतात आणि परत बसतात. दोन-तीन मिनिटांचा मामला. म्हातारी माणसंसुद्धा उठतात, कारण तोवर कंबर धरलेली असते. पण आमच्या मंडळींनी जन्मभर क्रिकेट बघितलेलं. समोर हजारो माणसं एकदम उठली, वाद्य वाजायला लागलं. प्रल्हादरावांनी घड्याळात बघितलं. चार वाजायला आले होते.

"चला, टी झाला," ते म्हणाले.

आणि आमची माणसं उठून निघाली. मी ओरडून सांगितलं, अहो, हा टी नाही, बसा, आत्ता सुरू होईल. एक बाई मला म्हणाल्या, मावशी, अख्खं स्टेडियम उठलंय, त्या सगळ्यांपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का? माझे गुडघे असे, की मी तरातरा जाऊन जिन्यात आडवी पडू शकत नव्हते, नाहीतर पडले असते.

सुलेखानं राजीवरावांची बाही धरली. हलक्या आवाजात म्हणाली, तुम्ही जाऊ नका, मॅच थांबत नाही. ते म्हणाले, तुला काय माहीत, तू कधी बघितलीस मॅच? सुलेखानं माझ्याकडं बघितलं. एवढ्या वर्षांचे टॉवेल तिच्या घशात अडकले. मग मीच म्हटलं, मला माहीत आहे, तुम्ही बसा. तर म्हणाले, शोभाताई, तुम्ही टीव्हीवर बघता, प्रत्यक्षात वेगळं असतं. आणि एवढे लोक माझ्या मुलासाठी आलेत, वडे माझ्या गाडीत आहेत. यजमानच नसला तर कसं दिसेल? दहा मिनिटांत येतो.

गेले. पोराचा बाप वडे वाटायला गेला.

साठ जागांमध्ये आम्ही दोघी बहिणी उरलो. सातवा डाव संपला, आठवा सुरू झाला, आठवा संपला. एकही माणूस परत येईना. कारण नंतर कळलं. त्या स्टेडियमचा नियम होता, एकदा बाहेर गेलात की त्या तिकिटावर परत आत नाही. दारावर पाटी होती, आमच्या लोकांनी ती वाचली नाही. सुलेखा दर मिनिटाला मागं वळून जिन्याकडं बघत होती. मी तिला म्हटलं, पुढं बघ, आपल्याला तरी बघू दे.

नवव्या डावाच्या शेवटच्या भागात लाउडस्पीकरवर नाव आलं. डावीकडं, टिपणीस. देवांग बाकावरून निघाला आणि पळत पळत थेट आमच्या समोर आला. सहा वर्षं खेड्यापाड्यांतून बसनं हिंडून पोरगा तिथं पोचला होता. टोपी नीट केली, आणि वर बघितलं. मी आयुष्यात खूप वाईट गोष्टी बघितल्या आहेत, पण रिकाम्या खुर्च्यांकडं बघतानाचा त्याचा चेहरा मला परत बघायचा नाही. सुलेखा खुर्चीवर चढून ओढणी हलवत होती. त्यानं आम्हाला बघितलं, हात वर केला. मग आमच्या शेजारच्या जागा बघितल्या. मग परत त्याही शेजारच्या.

संघाची एकच धाव जास्त होती. दोन जण बाद झाले होते, तिसरा बाद झाला की मॅच खिशात. पण विरुद्ध संघाचे दोघं धावपटू बेसवर, म्हणजे धाव पुरी करायच्या वाटेवर, उभे होते. आणि बॉल उडाला तो सरळ डावीकडं. फार काही अवघड नव्हता. असले बॉल या पोरानं झोपेत पकडले असते. तो आला, खाली उभा राहिला, ग्लव्ह वर केला. बॉल ग्लव्हमध्ये शिरला आणि बाहेर पडला.

ते का झालं ते मी सांगणार नाही. ऊन डोळ्यांवर होतं. सप्टेंबरातलं ऊन तिरपं असतं. लोक काय वाटेल ते म्हणतील, आणि माझ्याही मनात काय यायचं ते येतंच. दोघांनी पळत जाऊन दोन धावा काढल्या, यजमान संघ जिंकला, आणि अख्खं स्टेडियम असं ओरडलं, की माझ्या पायाखालचं काँक्रीट हललं. सुलेखा खुर्चीवरून उतरली आणि खाली बसली. देवांग वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून तसाच उभा होता.

आता बाहेर काय झालं ते ऐका. लाउडस्पीकरवरचं नाव पार्किंग लॉटमध्येही ऐकू गेलं होतं. राजीवराव हातात वड्याची कागदी प्लेट घेऊन पुन्हा दाराकडं धावले. दारावरचा माणूस आत सोडेना. 'माझा मुलगा आहे तो,' असं ते त्याला सांगत होते, तिकीट दाखवत होते, प्लेट दाखवत होते. तेवढ्यात आतून तो आवाज आला. राजीवराव वळले आणि प्रल्हादरावांना मिठी मारून ओरडले, घेतला, माझ्या पोरानं कॅच घेतला. स्टेडियम कोणाचं आहे, ओरडतंय कोण, हा विचार त्या सगळ्या पदवीधरांमध्ये एकालाही शिवला नाही. पेढ्यांचे डबे उघडले. ढोल वाजला. दारावरच्या माणसाला पेढा दिला, येणाऱ्याजाणाऱ्यांना दिला. ते लोक तर जिंकलेलेच होते, त्यांनी आनंदानं खाल्ला.

आम्ही दोघी बाहेर आलो तेव्हा राजीवरावांनी माझ्या हातावर पेढा ठेवला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. म्हणाले, 'बाउंड्रीवर कॅच घेणं सोपं नसतं, ताई. मला विचारा.' सुलेखा काही बोलणार, तेवढ्यात तिला बायकांनी ओढून नेलं, ओवाळायला. माझ्या जिभेला हाड नाही असं सगळं नागपूर म्हणतं. पण त्या चेहऱ्याला काय सांगायचं, ते त्या दिवशी मला सुचलं नाही.

खेळाडूंच्या दाराबाहेर बस उभी होती. देवांग बाहेर आला. केस ओले, डोळे लाल. ढोल, शाल, नारळ बघून तो जागच्या जागी थबकला. वाटलं असणार, हे लोक माझी थट्टा करतायत. राजीवरावांनी त्याच्या खांद्यावर शाल टाकली आणि पेढा त्याच्या तोंडापाशी नेला.

"आम्हाला आत सोडलं नाही रे. पण मी ऐकला तुझा कॅच. सगळं स्टेडियम ओरडत होतं."

देवांगनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली नाही, काही केलं नाही, नुसती बघत राहिले. त्याला समजलं. तो बापाकडं वळला.

"हो बाबा," तो म्हणाला. "सगळं स्टेडियम ओरडत होतं."

आणि त्यानं तो पेढा खाल्ला. वाकून नमस्कार केला आणि शाल तशीच खांद्यावर घेऊन बसमध्ये चढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरात फोटो होता. बॉल ग्लव्हमधून निसटतानाचा, चांगला मोठा. राजीवराव पेपर घेऊन बेसमेंटच्या पायऱ्यांवर येऊन बसले. ऑफिसचे कपडे घातलेले, पण निघायचं भान नव्हतं.

"तुम्ही आत होतात," शेवटी म्हणाले. "तो बाहेर आला तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि तरी त्यानं पेढा खाल्ला."

"खाल्ला," मी म्हटलं.

त्यांनी पेपरची घडी घातली, परत उघडली, परत घातली. मला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचा रागही आला, कारण इतकी वर्षं त्यांना ऐकवायला मी जे जपून ठेवलं होतं त्यातलं एक वाक्य आता उपयोगाचं राहिलं नव्हतं. मग मी त्यांना टॉवेलचं सांगितलं. पोरगा दर मॅचनंतर काय विचारायचा, तेही सांगितलं.

मंडळानं वेबसाइटवरून देवांगचा फोटो दुपारपर्यंत काढला. प्रल्हादराव फोनवर म्हणाले, तशी बाउंड्रीवरची जागा रिस्कीच असते. देवांगला परत खाली पाठवलं, आणि वसंत ऋतूत त्या संघानं त्याला सोडूनच दिलं. २००८चा उन्हाळा तो पेनसिल्व्हेनियातल्या एका गावात, कोणाच्याही खिजगणतीत नसलेल्या लीगमध्ये खेळला. हा शेवटचा सीझन, असं त्यानं आईला सांगितलं होतं.

जूनमधल्या एका रविवारी राजीवरावांनी गाडी काढली. आम्हा दोघींना म्हणाले, चला. आम्ही मैदानावर पोचलो तेव्हा दारं उघडायची होती. सगळ्यात आधी आत शिरलो आम्ही. चांगल्या जागा सोडून राजीवराव डावीकडच्या कुंपणामागच्या फळीवर जाऊन बसले. ऊन असं, की फळी चटके देत होती. मी छत्री उघडली, त्यांनी नको म्हटलं. देवांग मैदानात आला, बापाला बघितलं आणि क्षणभर थांबला. मग आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. आमच्यात आणि त्याच्यात फक्त एक जाळी होती.

एक एक डाव होत गेला. राजीवराव काही समजावून सांगत नव्हते. पाणी प्यायले नाहीत, संडासला गेले नाहीत. एकदा बॉल उंच उडाला, देवांग वळून थेट आमच्या दिशेनं धावत आला आणि जाळीला खांदा घासत त्यानं तो घेतला. चार लोकांनी टाळ्या वाजवल्या. राजीवरावांनी वाजवल्या नाहीत, दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून बसले होते. सातवा डाव अर्धा झाला, वाद्य वाजलं, गावची माणसं उठून उभी राहिली, आम्हीही उठलो. राजीवराव उठले नाहीत. मागची बाई रागानं बघायला लागली. सुलेखा म्हणाली, अहो, पाय तरी मोकळे करा. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं.

मॅच संपली. देवांगचा संघ हरला की जिंकला ते मला आठवत नाही. लोक निघून गेले, पाइप लावून कोणीतरी गवतावर पाणी मारायला लागलं. राजीवराव फळीवर तसेच. देवांग ग्लव्ह काखेत धरून चालत जाळीपाशी आला.

"बाबा, झाली मॅच. उठा आता."

"नक्की झाली?" राजीवरावांनी विचारलं.

"नक्की."

तेव्हा कुठं ते उठले.